एक वाजून चौदा मिनिटांनी वाचलेली मेल

१

"दहा तारीख, दुपारी एक वाजून चौदा मिनिटं," दादाने कागदावरून मोठ्याने वाचलं. "वाचलीस ना बाबांची मेल? मग पुढचे बारा दिवस काय करत होतीस?"

बाबांना शेवटचा निरोप देऊन माणसं नुकतीच घरी परतली होती. कुणी पायऱ्यांवर टेकलं होतं, कुणी उभ्यानेच पाणी पीत होतं.

"मला मेल आलीच नाही, दादा," धाकटी म्हणाली.

"मग ही पावती काय आभाळातून पडली?"

त्याने कागद तिच्या हातात कोंबला. बाबांच्या कॉम्प्युटरवरून छापलेला. वर धाकटीचं नाव आणि खाली दोन ओळी: तुम्ही पाठवलेली मेल वाचली गेली आहे. तारीख, वेळ. ती कागद घेऊन उभी राहिली आणि एकेक नातेवाईक तिच्याकडे न बघता घराबाहेर पडला. त्या रात्री तिथे न राहता ती शेवटच्या बसने परतली.

हे तिने मला सांगितलं ते नऊ दिवसांनी, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. मी टपाल खात्याच्या तक्रार शाखेत एकतीस वर्षं काढली. पत्र पोचलं नाही, मनीऑर्डर भलत्याच्या हाती गेली, पार्सल रिकामं निघालं, असल्या तक्रारींचा माग काढायचा हे माझं काम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत मला टपालमावशीच म्हणतात, आणि कुणाचं काही हरवलं की माझ्या दारात येतात. मांजर हरवलं तरीसुद्धा.

धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहते. एका दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवते. तिच्या नखांच्या कडांना कायम प्लॅस्टरची पांढरी रेघ असते.

"मावशी," ती म्हणाली, "मला एवढंच शोधून द्या, ती मेल मी वाचली होती का?"

माझा हात कपावरच थांबला. एकतीस वर्षांत लोकांनी मला विचारलं होतं, माझं पत्र कुणी फोडलं. मीच फोडलं का, असं विचारणारी ही पहिलीच.

२

"तू वाचलीस की नाही, हे तुला नको का माहीत असायला?"

"तसंच वाटत होतं. पण नऊ दिवस सगळे एकच सांगतायत. आता वाटतं, कामाच्या घाईत उघडली असेन, बंद केली असेन, विसरले असेन. बाबांची मेल कुणी विसरेल का, मावशी?"

"मेलमध्ये होतं काय?"

तिने फोन पुढे केला. दादाने मूळ मेलचा फोटो पाठवला होता. सोबत एक अक्षर नाही.

*धाकटे, डॉक्टर म्हणतात दोन-तीन आठवडे. तुझ्या आईच्या वेळी हॉस्पिटलच्या कागदावर सही तू केलीस. मला करता आली नसती आणि तिचे हाल आणखी महिनाभर चालले असते. हे मला तुला समोर बसवून सांगायचं आहे. ये. — बाबा*

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई यंत्रावर होती. डॉक्टरांनी विचारलं, यंत्र काढायचं का? दादा परगावी होता. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि वळले नाहीत. धाकटीने सही केली. त्यानंतर बाबा तिच्याशी बोललेच नाहीत. भांडण झालं नाही, शिवी दिली नाही. फोनवर तिचा आवाज आला की ते दादाच्या हातात फोन द्यायचे, बस. शेवटी शेवटी तिने त्या घरी फोन करणंच सोडलं.

"पण दादाने फोन का नाही केला? बाप अंथरुणाला खिळलाय आणि बहिणीला कळवत नाही?"

"करणार होता. बाबांनीच अडवलं. दहा तारखेला त्यांना ही पावती आली. ते म्हणाले, मी कळवलंय तिला, तिने वाचलंय. आता तुम्ही कुणी बोलावू नका. बोलावून आणलेली नको, आपणहून आलेली हवी." तिने ओठ घट्ट मिटले. "रोज दुपारी विचारायचे म्हणे, बेल वाजली का?"

मी उठून गॅसवरचं दूध उगाच खालीवर केलं.

तिचा मेलबॉक्स आम्ही दोघींनी मिळून चाळला. आलेल्या मेल, पुसलेल्या मेल, जाहिरातींचा ढीग. नऊ, दहा, अकरा तारीख. बाबांचं नावही नव्हतं. पण पुसलेल्या मेल महिन्याभराने कायमच्या जातात, आणि हाताने तर त्याआधीही उडवता येतात.

"पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"लॅबमधल्या कॉम्प्युटरवर माझी मेल उघडीच असते. तिथे मालकीणबाई बसतात." ती जराशी थांबली. "आणि घरी आमच्या ह्याला."

"दहा तारखेला एक वाजून चौदा मिनिटांनी हा कुठे होता?"

"दुपारी दोन बॅचच्या मधे तो घरी जेवायला येतो." तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तसं नाही हो."

मी काहीच म्हटलं नव्हतं.

३

मालकीणबाईंना मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गाठलं. लांब टेबलावर गुलाबी हिरड्या ओळीने मांडलेल्या, मेण वितळल्याचा वास, कोपऱ्यात घासणी यंत्राची किरकिर. धाकटी खाली मान घालून एका कवळीत दाढ बसवत होती.

"वाचली असती तर मीच तिला गाडीत घालून नेलं असतं," मालकीणबाई म्हणाल्या. "कामाचा डोंगर होता हे खरं. पण माझेही वडील गेलेत हो. आणि एक ते दीड आम्ही लॅबला कुलूप लावून समोरच्या खानावळीत जातो. विचारा तिथे."

मी विचारलं. खानावळवाल्याला दहा तारीख आठवायचं कारण नव्हतं, पण पाच जणींचं टेबल रोज एक ते दीड भरलेलं असतं हे त्याने शपथेवर सांगितलं. म्हणजे मालकीणबाई सुटल्या. धाकटीही सुटली, तिचा फोन हातात नसेल तर. पण फोन तर हातात होताच.

मग मी तलावावर गेले. धाकटीचा नवरा पोहायला शिकवतो. काठावर उभा राहून तो आठ-दहा बायकांना पाय मारायला सांगत होता. मला बघितलं आणि शिट्टी वाजवायचीच विसरला. बायका पाण्यात हात-पाय मारत राहिल्या.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," तो म्हणाला. आम्ही कपडे बदलायच्या खोल्यांमागच्या बाकावर बसलो. क्लोरीनच्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते.

"तिला तुमच्याबद्दल शंका नाही," मी म्हटलं.

"तेच तर अवघड आहे."

"म्हणजे?"

तो गळ्यातली शिट्टी दोरीवर वर-खाली सरकवत राहिला. तिकडे पाण्यात कुणीतरी खोकलं.

"मावशी, मी तिच्या बाबांची एक मेल पुसली होती. तिने बघायच्या आत."

४

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे खोटं कशाला सांगू?

"ही नाही हो!" तो घाईने म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीची. देवाशपथ. एका रविवारी तिने घरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडी ठेवली होती. बाबांचं नाव दिसलं. त्या घरातून काहीही आलं की ती तीन-तीन दिवस जेवत नव्हती. म्हटलं, सहीवरून काहीतरी लिहिलं असेल. न वाचताच पुसली."

"आणि दहा तारखेला?"

"दहाला मी घरीच होतो. एकटाच. साक्षीदार म्हणाल तर कुकर." त्याने हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. "तुम्ही विश्वास नाही ठेवलात तरी चालेल. मीही ठेवला नसता."

"त्या जुन्या मेलमध्ये काय होतं, काहीच आठवत नाही?"

"उघडलीच नाही तर काय आठवणार? बाबांचं नाव, आणि त्याच्या आधी 'पुढे पाठवलेली' असं काहीतरी. तेवढंच."

ते मी मनात टिपून ठेवलं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. मी कोण, कशासाठी, सगळं सरळ सांगितलं. तो आधी वैतागला. "वकील लावलाय का तिने?" म्हणाला. मी म्हटलं, वकिलाला पैसे लागतात, मला चहा पुरतो. मग जरा नरमला.

"दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिला एक मेल पाठवली होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर असेल, बघता का?"

बराच वेळ कळांचा आवाज येत राहिला. मग त्याने वाचून दाखवलं. "तुझे शाळेचे दाखले इथे कपाटात पडून आहेत. केव्हा नेतेस?"

"आणखी?"

"एवढंच." त्याचा आवाज बदलला होता. "दाखले तर ती लग्नाच्या वेळीच घेऊन गेली होती. बाबांना माहीत होतं ते."

चार वर्षांच्या अबोल्यानंतर म्हाताऱ्याने मुलीला बोलवायचा एक बहाणा शोधला होता, आणि तो बहाणा एका रविवारी पुसला गेला होता. उत्तर आलं नाही म्हणूनच या वेळी बाबांनी पावती मागितली असणार. पोचलं की नाही, एवढं तरी कळावं म्हणून.

"मावशी," दादा म्हणाला, "तिने वाचून सोडून दिली ना ती पण?"

ते ज्याचं त्याने सांगायचं होतं. नवऱ्याने त्याच आठवड्यात तिला सांगितलं. त्यांच्यात काय झालं ते मी विचारलं नाही. दोन दिवस ती लॅबमधून घरी न जाता माझ्याकडे येऊन बसायची, एवढं खरं.

५

तपासात मी अडकले की पावतीकडे परत जायचं, ही माझी जुनी खोड. पत्र खोटं बोलतं, माणसं खोटं बोलतात, पण पावतीवर सही करायला कुणाला तरी हात उचलावा लागतो.

धाकटी समोर बसली होती. मी तिला म्हटलं, "मी तुला एक मेल पाठवते. पावती मागून. तू उघड."

तिने फोनवर उघडली. मी माझ्या जुन्या लॅपटॉपकडे बघत राहिले. काही आलं नाही. तिने लॅपटॉपवरही तिची मेल उघडून बघितली. तरीही नाही. आम्ही तीनदा करून पाहिलं.

"तुला काही विचारलं का? पावती पाठवू का, वगैरे?"

"नाही. काहीच नाही."

"म्हणजे तुझा मेलबॉक्स असल्या पावत्या पाठवतच नाही. मागणाऱ्याने कितीही मागू दे. तू, तुझा नवरा, मालकीणबाई, कुणीही तुझ्या मेलबॉक्समध्ये बाबांची मेल उघडली असती तरी बाबांना पावती गेली नसती."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आणि दुसरं. ज्या ठिकाणी पावती पाठवतात तिथे आधी माणसाला विचारतात. बहुतेक ठिकाणी तरी. हो की नाही? आता सांग, ज्याला मेल लपवायची आहे, जो वाचून पुसणार आहे, तो 'हो' कशाला म्हणेल? 'हो' म्हणणाऱ्याला लपवायचं काही नव्हतं. तो तुझा वैरी नाही, धाकटे. त्याला तू ठाऊकही नसशील."

"मग पावतीवर माझं नाव कसं?"

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. नाव बघून थांबले. नवशिक्या कारकुनालाही मी असं करू दिलं नसतं. पाकिटावर नाव महत्त्वाचं नसतं, पत्ता महत्त्वाचा असतो.

दादाला फोन लावला. "बाबांच्या कॉम्प्युटरवर ती पावती उघडा. वर धाकटीचं नाव आहे ना? त्या नावावर बोट ठेवून दाबा. खाली काय येतं ते वाचा."

त्याने वाचलं. एकेक अक्षर, मधे टिंब, मग संस्थेचं नाव.

धाकटीने टेबलाची कड पकडली.

"हा माझा पत्ता नाही," ती म्हणाली. "म्हणजे... होता. दंत महाविद्यालयातला. मी चार वर्षांपूर्वी सोडलं ते. तो पत्ता माणसाच्या नावाचा नव्हताच, कवळी विभागातल्या त्या जागेचा होता. बाबांनी त्यांच्या यादीत माझ्या नावाने टाकून ठेवला असणार. नवा पत्ता मी त्यांना कधी दिलाच नाही. आम्ही बोलतच कुठे होतो?"

"पण दोन वर्षांपूर्वीची मेल तर तुला आली होती."

"सोडताना मी त्यांच्या कॉम्प्युटर विभागाला सांगितलं होतं, माझ्या मेल नव्या पत्त्यावर पाठवत राहा म्हणून. जागा रिकामीच होती, त्यांनीही चालू ठेवलं."

'पुढे पाठवलेली'. नवऱ्याला तेवढंच आठवत होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं.

"ती जागा अजून रिकामी आहे का?" मी विचारलं.

फोन अजून चालूच होता. पलीकडे दादाने तो ठेवून दिला.

६

जागा आठ महिन्यांपूर्वी भरली होती, आणि तिच्या मेल पुढे पाठवणं तेव्हापासून बंद झालं होतं.

कवळी विभागाची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी तिशीतला एक माणूस मेणात दात रोवत बसला होता. धाकटीला त्या खुर्चीवर दुसरं कुणी बघून कसंसंच झालं असावं, ती दारातच थांबली. मी तारीख आणि वेळ सांगितली. त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"ती मेल," तो म्हणाला. "पोचली का ती... भेटलं का त्या गृहस्थांना कुणी?"

आमच्या चेहऱ्यांवरून त्याला कळलं. तो उठून उभा राहिला आणि मग कुठे जावं ते न सुचून परत बसला.

"मॅडम, मी पहिल्या दोनच ओळी वाचल्या. दुसऱ्याच्या घरातलं आहे हे लक्षात आलं आणि बंद केली. बंद करताना ती चौकट आली. पाठवणाऱ्याला पावती हवी आहे, पाठवू का? म्हटलं, 'नाही' केलं तर त्या गृहस्थांना वाटेल आपलं पत्र गेलंच नाही. जिवाला घोर लागेल. म्हणून 'हो' केलं."

"उत्तर का नाही लिहिलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "एक ओळ लिहायची, ही बाई इथे नाही म्हणून!"

"लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, आजारी माणूस, इतकं मनातलं लिहिलेलं, ते परक्याने वाचलं म्हणून शरमतील. त्यापेक्षा ऑफिसने मॅडमना परस्पर कळवलं तर त्यांना कधी कळणारही नाही. त्याच दुपारी मी खाली सांगून आलो. दुसऱ्या दिवशी विचारलंसुद्धा. म्हणाले, निरोप दिलाय."

त्याच्यावर ओरडण्यासारखं काही सापडेना. त्याने प्रत्येक गोष्ट दुसऱ्याचा विचार करून केली होती.

"बाबांची पहिली ओळ काय होती तुम्हाला आठवते?" धाकटीने एकाएकी विचारलं.

"'धाकटे, डॉक्टर म्हणतात दोन-तीन आठवडे,'" तो म्हणाला. "महिना झाला, रोज आठवते."

खालच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कबाई माझ्याच जातकुळीच्या निघाल्या. केलेला प्रत्येक फोन वहीत. त्यांनी पान काढून दिलं. अकरा तारीख, सकाळी साडेदहा. विषय: माजी कर्मचारी, वैयक्तिक मेल. नोंदीतला मोबाइल बंद लागला. नोंदीतल्या दुसऱ्या क्रमांकावर निरोप दिला.

"कुणाला दिलात?" मी विचारलं.

"नाव नाही विचारलं हो. बाईमाणूस होतं. म्हणाल्या, सांगते."

धाकटी वहीवर वाकली. मोबाइलचा तो क्रमांक तिने केव्हाच सोडला होता. दुसरा क्रमांक तिने नोकरीला लागताना स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. तिने तो तोंडातल्या तोंडात वाचला, आणि शेवटचे चार आकडे न बघताच म्हटले.

"माझ्या माहेरचा आहे," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या माहेरी पोचलो. बसमध्ये चार तास ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच बोलली. "मेल बाबांच्या खोलीतून निघाली, कुठे कुठे फिरली आणि निरोप होऊन परत त्याच घरात आली. त्यांच्या पलंगापासून दहा पावलांवर."

दादा कामावर गेला होता. दार वहिनीने उघडलं. तिने धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्ही काही विचारायच्या आत तिचा चेहरा उतरला.

"या," ती म्हणाली. "आत या. मला ठाऊक होतं कुणीतरी येणार."

स्वयंपाकघरात तिने आम्हाला बसवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

"त्या सकाळी बाबांना उलट्या होत होत्या. एका हातात भांडं, एका हाताने त्यांची मान धरलेली. फोन खांद्यात धरून उचलला. कुणी बाई म्हणाल्या, पूर्वी आमच्याकडे असलेल्या बाईंची कसली मेल आमच्या ऑफिसात आली आहे, त्यांना सांगाल का. मला वाटलं जुन्या नोकरीतलं काहीतरी असेल. सांगते म्हटलं आणि ठेवला. मग चादर बदलायची होती, डॉक्टर यायचे होते... डोक्यातून गेलं ते गेलंच. बाबांनी तुम्हाला मेल लिहिली हे मला माहीतच नव्हतं. ह्यांना नुसतं म्हणाले होते, कळवलंय."

"मग कधी लक्षात आलं, वहिनी?" धाकटीने विचारलं.

"ह्यांनी सगळ्यांसमोर तो कागद वाचला ना, तेव्हाच. तुम्ही दारात उभ्या होतात. त्याच क्षणी आठवलं. आणि तोंड उघडेना. ह्यांचा आवाज इतका चढला होता. म्हटलं, रात्री सांगू. रात्री म्हटलं, उद्या. मग तर रोजच अवघड होत गेलं." तिने पदराने नाक पुसलं. "बाबा रोज दुपारी विचारायचे, बेल वाजली का. मी म्हणायचे, नाही बाबा, झोपा."

धाकटी रडत नव्हती. ती टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती बोटाने सपाट करत होती, आणि ती परत परत वर येत होती.

तपास पुरा झाला होता. कुणी, केव्हा, कुठे, सगळं माझ्या हाताशी होतं. तक्रार शाखेत अशा वेळी आम्ही शेवटी एक वाक्य लिहायचो, तक्रारदारास कळवण्यात यावे. इथे ज्याला कळवायला हवं होतं तो माणूस गेला होता. आपल्या मुलीने वाचलं आणि ती आली नाही, एवढंच घेऊन गेला होता. त्यात मी काडीचा बदल करू शकत नव्हते.

सहा वाजता दादा आला. बहिणीला बघून चपला काढता काढता थांबला. धाकटीने त्याला बसायला सांगितलं, जणू घर तिचंच होतं. मग सांगितलं. जुना पत्ता, नवा माणूस, 'हो' म्हणायचं कारण, हेडक्लार्कबाईंची वही. नवऱ्याने पुसलेल्या मेलचंही सांगितलं, काही लपवलं नाही. वहिनी ओट्यापाशी भिंतीला चिकटल्यासारखी उभी होती.

"ऑफिसने फोन केला होता," धाकटी म्हणाली. मग एक श्वास घेतला. "इथल्या नंबरवर. पण लागला नाही."

मी माझ्या हातांकडे बघितलं. एकतीस वर्षांत माझ्या अहवालात एकही खोटी ओळ मी जाऊ दिली नव्हती. ही मी जाऊ दिली.

दादाच्या कानशिलाची शीर उडत होती.

"मी फोन करणार होतो तुला," तो म्हणाला. "तीनदा हातात घेतला. बाबा म्हणाले नको, आणि मी ठेवला. एक फोन, धाकटे." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "तुझ्यावर चिडलो होतो तोवर बरं होतं गं. मग आता मी चिडू कुणावर?"

"माझ्यावर चीड की," ती म्हणाली. "थोडे दिवस आणखी. मला चालेल."

त्याने मान हलवली, नाही म्हणून. तिच्या दिशेने हात केला, पण तो तिच्यापर्यंत पोचला नाही, मधेच टेबलावर पडला.

"फोन लागला होता," वहिनी म्हणाली.

आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. धाकटी मानेने तिला नको, नको म्हणत होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"लागला होता. मी उचलला होता."

दादा उठला. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. धाकटीही उठली, आणि भावाच्या आधी वहिनीजवळ जाऊन तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. तिथे माझं आता काही काम नव्हतं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, उठले मात्र नाही.